हातातले नाणे आणि मातीतले नाणे

नाण्यांवरचे लेख, चिन्हे, धातू, वजन आणि ती पाडण्याची रीत यांवरून राजवटींचा, व्यापाराचा आणि लोकव्यवहाराचा इतिहास उलगडणाऱ्या विद्येला नाणकशास्त्र म्हणतात. ही विद्या ज्या सामग्रीवर उभी राहिली, तिच्यातला मोठा वाटा पदरमोड करून नाणी जमवणाऱ्या हौशी माणसांचा आहे. भारतीय नाणकशास्त्र परिषदेची स्थापना 1910 साली अलाहाबादला झाली, तेव्हा संग्राहक आणि संशोधक एकाच बैठकीत बसत असत आणि पुष्कळदा ती एकच व्यक्ती असे. पुढे विद्यापीठे वाढली, बाजारही वाढला आणि दोघांमधले अंतरही वाढत गेले. आज 15 ते 25 या वयातल्या मराठी मुलाला वा मुलीला नाण्यांचा नाद लागला, तर त्या मुलाची ओढाताण नेमकी याच अंतरात होते.

तरुण संग्राहकाची खरी अडचण कोणती, या प्रश्नाला म्हणूनच दोन वेगळी उत्तरे मिळतात. एक उत्तर देतो तो अनेक वर्षे जुन्या बाजारात, लिलावांत आणि नाणेप्रदर्शनांत वावरलेला संग्राहक. दुसरे देते ती प्राचीन इतिहास शिकवणारी आणि उत्खननांवर काम केलेली प्राध्यापिका. पुढील संवादातली ही दोन माणसे म्हणजे दोन भूमिका आहेत, परंतु दोन्ही भूमिका महाराष्ट्रात प्रत्यक्ष मांडल्या जातात आणि दोन्हींमागे कळकळ आहे, हे आरंभीच नोंदवलेले बरे.

संग्राहक: नाणे हाताला लागेनासे झाले, येथून अडचणीला सुरुवात होते. मागच्या पिढीतल्या मुलाला नाणी जमवण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नव्हते. वाण्याने परत दिलेल्या सुट्या पैशांत कधी भोकाचा पैसा येई, कधी पावली, तर कधी जाड ढब्बू पैसा निघे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान पद्धत आली आणि 16 आणे, 64 पैसे किंवा 192 पै यांचा रुपया 100 पैशांचा झाला. जुना आणि नवा पैसा यांत गोंधळ होऊ नये म्हणून 1964 पर्यंत नाण्यावर ‘नया पैसा’ असे लिहिले जात होते. ही माहिती त्या मुलांना कोणी शिकवली नव्हती, ती खिशातच खुळखुळत होती. 30 जून 2011 पासून 25 पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, 2016 नंतर मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत रुळली आणि आजचा मुलगा महिनोन्‌महिने एकही नाणे हाताळत नाही. ज्या वस्तूचा स्पर्शच घडत नाही, तिचे कुतूहल त्याला कोठून वाटावे?

प्राध्यापिका: कुतूहल अजूनही वाटते, पण ते चुकीच्या दाराने आत येते. पूर्वी मुलाला नाणे आधी दिसे आणि त्याची किंमत फार उशिरा कळे. आता किंमत आधी कळते आणि नाणे कधी कधी दिसतच नाही. वैष्णोदेवीचे चित्र असलेली 5 आणि 10 रुपयांची नाणी 2012 या सालाची आहेत. ती मोठ्या संख्येने पाडली गेली आणि सर्रास वापरात आली, तरी त्यांना लाखो रुपये मिळतात ही आवई वर्षानुवर्षे फिरते आहे. ऑगस्ट 2021 मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला, कारण काही ठग तिचे नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी लोकांकडून शुल्क, दलाली आणि कर मागत होते. अशा व्यवहारात बँकेचा काहीही संबंध नाही, असे तिने स्पष्ट केले. या फसवणुकीत पैसा नाणे विकत घेताना जात नाही. विकायला निघालेल्याकडूनच ‘नोंदणी’च्या नावाखाली तो उकळला जातो. घरातल्या डब्यात सापडलेल्या नाण्याने नशीब उघडेल या आशेने या छंदात शिरलेला मुलगा पहिल्याच फटक्यात पोळतो आणि मग नाण्यांकडे वळूनही पाहत नाही.

संग्राहक: ठगांमुळे बाजार वाईट ठरत नाही. उलट ठग ओळखण्याची अक्कल बाजारातच येते. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, 1818 हे साल आणि हनुमान, लक्ष्मी किंवा रामदरबार यांची चित्रे असलेले तांब्या-पितळेचे बिल्ले खेडोपाडी ‘चमत्कारी नाणी’ म्हणून विकले जातात. कंपनीने सबंध मुलखासाठी एकसारखे नाणे 1835 साली सुरू केले, त्या चलनी नाण्यांवर अशी चित्रे नव्हती, आणि हे बिल्ले अलीकडे बनवलेले आहेत, ही गोष्ट जाणता व्यापारी दोन वाक्यांत सांगून टाकतो. ग्रंथालयात हे उत्तर शोधायचे, तर मुलाला आधी प्रश्न कोणता विचारायचा तेच ठाऊक नसते.

हा मुद्दा येथे थोडा विस्ताराने पाहायला हवा, कारण खरे-खोटे ओळखणे ही तरुण संग्राहकाची सर्वांत खर्चिक शिकवणी असते. जुने नाणे सामान्यतः ठशाने पाडलेले असते. तापवलेली वा थंड धातूची चकती दोन ठशांमध्ये धरून वर घणाचा घाव घातला, की धातू दाबला जाऊन ठशाच्या खाचांत शिरतो. त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार उमटतात आणि धातू कडेकडे सरकल्याच्या बारीक रेषा भिंगातून दिसतात. नकली नाणे बहुधा साच्यात ओतलेले असते. त्याचा पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत लागतो, हवेच्या बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे दिसतात आणि काठावर दोन साचे जुळल्याची शिवण सापडते किंवा ती कानशीने घासून काढल्याची खूण राहते. अर्थात ओतीव म्हणजे खोटे असा नियम करता येत नाही, कारण प्राचीन काळी काही नाणी मुळातच ओतून केली जात. चांदीच्या नाण्याची परीक्षा सराफ दगडावर आपटून, आवाज ऐकून करीत. चोख नाणे खणखणीत वाजे आणि हिणकस नाणे बद्द वाजे. मराठीतले ‘खणखणीत नाणे’ त्या परीक्षेतूनच आले आहे, मात्र संग्रहातल्या नाण्यावर ती आता करू नये, कारण आघाताने त्याला भेग जाऊ शकते. ब्रिटिश अमलातल्या चांदीच्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, आणि बहुतेक काळ त्यात 12 भागांत 11 भाग चांदी असे. घरोघरच्या राणीछाप रुपयांचे वजन साध्या सोनारकाट्यावर पडताळता येते, परंतु आजचा सोनार 10 ग्रॅमला तोळा म्हणतो हे ठाऊक नसलेला मुलगा तेथेही गोंधळतो.

संग्राहक: हे सारे कागदावर वाचून अंगी मुरत नाही. खोटी शिवराई ओळखायची तर आधी शंभर खऱ्या शिवराया बोटांखालून जायला हव्यात. ती संधी व्यापाऱ्याच्या दुकानातच मिळते; वस्तुसंग्रहालयात नाणे काचेमागे असते आणि त्याची एकच बाजू दिसते.

प्राध्यापिका: शंभर शिवराया बोटांखालून गेल्या आणि त्यांतली एकही वाचता आली नाही, तर त्या मुलाने धातूचे तुकडे मोजले एवढेच म्हणावे लागेल. या छंदातली सर्वांत मोठी अडचण लिपीची आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. शिवराई हे तांब्याचे नाणे त्यातल्या त्यात सोपे, कारण त्यावर देवनागरी आहे: एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. तरीही ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे एका नाण्यावर हा सबंध मजकूर क्वचितच मावतो. एकावर ‘राजा’ नीट दिसते, दुसऱ्यावर ‘शिव’, आणि अनेक नाणी शेजारी ठेवली म्हणजे पूर्ण लेख जुळतो. शिवाय कोठे ‘पति’ आहे, कोठे ‘पती’; कोठे अक्षरांभोवती ठिपक्यांची वर्तुळे आहेत, तर ‘दुदांडी’ म्हटल्या जाणाऱ्या शिवराईवर मजकुराच्या मधून दोन आडव्या रेषा जातात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक 1674 साली झाला; त्यांच्या नावाचे हे नाणे मात्र पुढे छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात पाडले जात राहिले आणि इंग्रजी अमलातही दख्खनच्या खेड्यांत चालत होते. म्हणजे हाती आलेली शिवराई महाराजांच्या हयातीतली असण्यापेक्षा नंतरची असण्याची शक्यता कितीतरी अधिक. मुलाला ती ‘महाराजांच्या काळातली’ म्हणून विकली जाते, आणि ज्या नावाशी त्याची श्रद्धा जडलेली आहे त्याच नावाने त्याची दिशाभूल होते.

संग्राहक: श्रद्धेमुळेच तर तो या नाण्याकडे वळतो.

प्राध्यापिका: वळावेच, पण पुढची पायरी कोणती? मराठ्यांच्या तांब्याच्या पैशावरून तो चांदीच्या रुपयाकडे गेला, की पुण्याच्या टाकसाळीतल्या अंकुशी रुपयावर त्याला हत्तीला आवरण्याच्या अंकुशाचे चिन्ह दिसते, पण मजकूर असतो फारसीत आणि नाव असते शाह आलम या मोगल बादशहाचे. पेशव्यांच्या रुपयावर बादशहाचे नाव का, हा प्रश्न इतिहासाच्या फार खोल भागात नेतो. ज्या नाण्यावर लोकांचा विश्वास बसलेला आहे त्याचाच घाट व्यवहारासाठी पुढे चालवावा लागतो, आणि दिल्लीची सत्ता नावापुरती उरल्यावरही तिच्या नावाचा रुपया बाजारात मान्य होता. परंतु मुलाला फारसी येत नसेल, तर हा प्रश्न त्याला पडतच नाही. तो नाणे पाहतो, अंकुश ओळखतो आणि ते कप्प्यात ठेवून देतो. त्याहून मागे गेले, तर सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची, नाणी ब्राह्मी लिपीत आहेत. क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यावर ग्रीक अक्षरे, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या एकत्र येतात. महाराष्ट्राच्या मातीतला दोन हजार वर्षांचा पैसा वाचायचा, तर निदान तीन लिप्यांची तोंडओळख हवी, आणि ती शाळेत वा महाविद्यालयात सहसा कोणी करून देत नाही. प्रमाण मानल्या गेलेल्या नाणेसूची बहुतांशी इंग्रजीत आहेत. आंध्र राजे आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या नाण्यांची रॅप्सन यांची सूची 1908 सालची आहे आणि आजही तिच्यावाचून चालत नाही. तालुक्याच्या गावातला मुलगा तिथपर्यंत पोचणार कसा?

संग्राहक: तो पोचतो, पण नाणे आधी हाती आले तर. लिपी शिकून मग नाणी जमवणारा मुलगा विरळा. स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घेतलेले क्षत्रपांचे इवलेसे नाणे ज्याच्या तळहातावर आहे, तो मात्र रात्र रात्र जागून ब्राह्मीची बाराखडी गिरवतो. त्या नाण्यांची खुबी अशी की राजाच्या मस्तकामागे शक संवताचे वर्ष आकड्यांत दिलेले असते आणि मागच्या बाजूच्या लेखात राजाबरोबर त्याच्या बापाचेही नाव व पदवी असते. एकदा ‘पुत्रस’ हा शब्द ओळखता आला, की त्याच्या आधीचे नाव बापाचे आणि नंतरचे मुलाचे, हे मुलाला आपले आपणच उमगते. चार नाणी जमली म्हणजे एका घराण्याची चार पिढ्यांची वंशावळ हातात येते. हा आनंद कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिलेला नाही. आणि विद्यापीठांच्या कपाटांत अशी हजारो नाणी आहेत, ती या मुलांना कोणी दाखवते काय? शिफारसपत्र आणा, विषय सांगा, पदवी दाखवा असे म्हटल्यावर 17 वर्षांचा मुलगा बाजारातच जाणार.

या आरोपात तथ्य आहे आणि प्राध्यापिका ते नाकारीत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली, मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचे दालन आहे. परंतु मुंबई-पुणे-नाशिक हा पट्टा सोडला तर नांदेड, गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या मुलासाठी यांपैकी काहीच जवळ नाही. पुण्याचा रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार जसा कोणालाही खुला असतो, तसा महिन्यातला एखादा दिवस तरी अभ्याससंग्रह खुला ठेवून मुलांच्या हाती साधी, दुय्यम नाणी देणे अशक्य नाही. ते घडत नाही, याचे उत्तर विद्वानांनी द्यायला हवे. मुलींच्या बाबतीत ही उणीव दुप्पट जाचते. जुन्या वस्तूंचा बाजार बव्हंशी पुरुषांचा आहे, तेथे तासन्‌तास बसून नाणी चाळणे आणि घासाघीस करणे मुलाला जितके सोपे जाते तितके एकट्या मुलीला जात नाही, आणि घरूनही तिला ती मोकळीक मिळतेच असे नाही. बाजार ही एकमेव शाळा ठरली, तर त्या शाळेचे दार अर्ध्या मुलांसाठी जेमतेमच उघडते. संग्राहकाकडे या मुद्द्याला उत्तर नव्हते.

प्राध्यापिका: कपाटे उघडावीत, हे मान्य. पण बाजारावरचा मूळ आक्षेप त्याने सुटत नाही. नाणे बाजारात येण्यापूर्वी कोठेतरी मातीत होते. तेथून ते निघाले त्या क्षणी त्याने निम्मी माहिती गमावली. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात 13,000 हून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे व नाव पुन्हा ठोकलेले होते. जुने नाणे न वितळवता त्यावरच नवा ठसा मारणे याला पुनर्मुद्रण म्हणतात. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो शिलालेख आहे, त्यात तिच्या पुत्राने क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचे घराणे, निर्मूल केल्याचे म्हटले आहे. आईने मुलाच्या गौरवार्थ लिहवलेल्या लेखावर किती विसंबावे, अशी शंका घेता आली असती. त्या एका साठ्याने ती शंका फिटली, कारण हरलेल्या राजाचा पैसा जेत्याच्या ठशाखाली आलेला डोळ्यांनी दिसला. आता असे समजा की ती नाणी सापडली त्याच आठवड्यात शंभर दुकानांतून सुटी सुटी विकली गेली असती. प्रत्येक नाणे तेच राहिले असते, खरेही राहिले असते, आणि पुनर्मुद्रित व साध्या नाण्यांचे प्रमाण, ती एकत्र पुरली गेल्याची गोष्ट, ते गाव, यांतले काहीही उरले नसते. पैठण, तेर, नेवासे या जुन्या वसाहतींच्या परिसरातली सातवाहन नाणी कोणत्या पांढरीतून निघाली याची नोंद न होताच जेव्हा बाजारात येतात, तेव्हा नेमके हेच घडत असते.

‘पांढर’ म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती साचून झालेले टेकाड. जुनी नाणी बहुधा अशाच मातीत मिळतात.

संग्राहक: त्याला तरुण संग्राहक जबाबदार कसा? शेतकऱ्याला नांगरताना नाणी सापडली तर तो ती सरकारकडे का नेत नाही, हे आधी विचारावे. 1878 सालचा निखात निधी कायदा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाविषयीचा कायदा, अजून लागू आहे. 10 रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. ते धन सरकारला स्वतःकडे ठेवायचे असल्यास धातूची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा एवढी रक्कम द्यायची, अशी त्यात तरतूद आहे. सोन्या-चांदीला ती रक्कम काही तरी होईल. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्याला धातूची किंमत ती काय? ज्याचे मोल इतिहासाला सर्वाधिक, त्यासाठी कायदा शेतकऱ्याच्या हातावर जवळजवळ काहीच ठेवत नाही. मग तो गप्प बसतो, किंवा मध्यस्थाला देतो, किंवा चांदी असेल तर वितळवतो. इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्याने सापडलेल्या खजिन्याची बाजारभावाने भरपाई देण्याची पद्धत आहे, आणि 1997 पासून साध्या, सुट्या वस्तूंचीही स्थळासह ऐच्छिक नोंद करून घेणारी योजना चालू आहे. वस्तू पुष्कळदा सापडणाऱ्याकडेच राहते, पण माहिती सर्वांची होते. आपल्याकडे माहिती द्यायला निघालेल्या मुलाला पहिली भीती वाटते ती पोलिसांची.

प्राध्यापिका: इंग्लंडमध्येही त्या सवलतीचा गैरफायदा घेणारे आहेत, आणि येथे पैशाचे आमिष लावले तर पांढरीच्या पांढरी उकरल्या जातील, ही धास्ती खोटी नाही. पण शिशाच्या नाण्याविषयीचे म्हणणे खोडून काढता येत नाही, हे कबूल करायला हवे.

कायद्याचे हे ओझे तरुणांवर आणखी एका बाजूने येते. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यात 100 वर्षांहून जुन्या नाण्याचा समावेश पुरावशेषांत होतो. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी नेता येत नाहीत. वर्षे उलटतात तशी ही रेषा पुढे सरकते, म्हणून पाचव्या जॉर्जचे जे रुपये मागच्या पिढीसाठी केवळ जुने होते ते आता एकेक करून पुरावशेष ठरले आहेत. शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या मुलीने आजीने दिलेले लक्ष्मीपूजनाचे दोन राणीछाप रुपये सामानात घातले, तर आपण कायदा मोडतो आहोत याची तिला कल्पनाही नसते. हे तिला कोणी सोप्या मराठीत सांगितलेले नाही, आणि या अज्ञानाबद्दल तिला बोल लावणे अन्यायाचे होईल.

आजीच्या रुपयांपाशी संवाद आला तेव्हा दोन्ही पक्षांचा सूर बदलला, हे लक्षणीय आहे. मराठी घरात नाणी होतीच: देवघरात, लक्ष्मीपूजनाच्या ताटात, दागिन्यात. पुतळ्यांची माळ हा दागिना तर मुळात व्यापाराची साक्ष आहे, कारण व्हेनिसचे सोन्याचे डुकाट सागरी व्यापारातून येथे आले, त्यांवरच्या उभ्या संताच्या आणि गुडघे टेकलेल्या राज्यप्रमुखाच्या आकृतींना लोकांनी रामसीता मानले आणि तशीच ‘पुतळी’ येथे घडवली जाऊ लागली.

संग्राहक: अशा नाण्याला कडी जोडलेली किंवा भोक पाडलेले असले, की बाजारात त्याची किंमत पडते. मुलांना हे आधीच सांगावे लागते, नाहीतर ती फसतात.

प्राध्यापिका: इतिहासासाठी ते भोक हाच मजकूर आहे. ते नाणे व्यवहारातून निघून गळ्यात कसे आले, हे त्याशिवाय कळले नसते. नवख्या मुलाने पुढच्या दिवाळीत एवढेच करावे की ताटातला रुपया हातात घेऊन त्यावरचे नाव पाहावे: 1862 पासूनच्या नाण्यावर व्हिक्टोरिया ‘क्वीन’ आहे आणि 1877 पासून ‘एम्प्रेस’ आहे. राणीची सम्राज्ञी झाली, ही घटना त्याला स्वतःच्या घरात सापडेल, एक पैसा खर्च न करता. आणि त्यावरचे हळदीकुंकू मऊ कापडाने टिपावे, चिंच, लिंबू किंवा राख लावू नये.

या शेवटच्या सूचनेवर संग्राहकाने दोनदा मान डोलावली, कारण तरुणांच्या हातून होणारे सर्वांत मोठे नुकसान ते हेच. कळकलेले भांडे घासून लख्ख करण्याचा संस्कार प्रत्येक मराठी घरात आहे, आणि तांब्याचे नाणे मिळताच मुलगा तेच करतो. नाण्यावर काळाने चढलेला काळसर वा हिरवट स्थिर थर धातूचे रक्षण करतो. चिंचेतले आम्ल तो थर विरघळवते, अक्षरांच्या कडा खाऊन टाकते, आणि जे काही शतकांत झाले नाही ते अर्ध्या तासात होते. स्वस्त प्लास्टिकच्या कप्प्यांचा धोकाही तसाच आहे. पीव्हीसी या प्रकारच्या मऊ प्लास्टिकातून कालांतराने आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो, म्हणून साधे आम्लरहित कागदी पाकीट अधिक सुरक्षित.

पाकिटावर काय लिहावे, यावर मात्र पुन्हा मतभेद झाला. वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंवर प्रत्यक्ष दिसणारी अक्षरे आणि हाती आल्याची तारीख एवढे लिहिलेच पाहिजे, यावर दोघांचे एकमत होते. न दिसणारी अक्षरे पुस्तकावरून भरू नयेत, ही प्राध्यापिकेची अटही संग्राहकाने मान्य केली. खरा वाद होता तो प्राप्तिस्थानाचा, म्हणजे नाणे कोठे सापडले या ओळीचा.

संग्राहक: व्यापारी गाव सांगत नाही, आणि सांगितले तरी ते खरे असेलच असे नाही. ती ओळ कोरी सोडावी.

प्राध्यापिका: कोरी ओळ दहा वर्षांनी कोणीतरी ऐकीव गोष्टीने भरून टाकतो. तेथे ‘ठाऊक नाही’ असे लिहावे, आणि त्याखाली नाणे कोणाकडून घेतले त्याचे नाव.

संग्राहक: नाव लिहिणाऱ्या मुलाला तो व्यापारी पुन्हा नाणे दाखवणार नाही.

प्राध्यापिका: जो व्यापारी आपले नाव लिहू देत नाही, त्याच्याकडून त्या मुलाने नाणे घ्यावेच का?

संग्राहकाने यावर ताबडतोब उत्तर दिले नाही. ‘ठाऊक नाही’ हे दोन शब्द त्याने मान्य केले. व्यापाऱ्याच्या नावाची ओळ तूर्त वादातच राहिली.